धान पिकते कुठे, पेठ वसते कुठे!



आपल्या मुकुटबन भागात वावरात नजर टाकाल तिकडे पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि ज्वारी. धानाची बांधी दिसली तर एखादीच. तरी सणावाराला, पाहुणा आला म्हणजे आणि लग्नाच्या पंगतीला ताटात भात लागतोच. हा तांदूळ येतो कुठून? वणीवरून वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर गाठा आणि तिथून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी असे पुढे सरका, म्हणजे धानाचा मुलूख सुरू होतो. तो भंडारा-गोंदियाकडे आणि त्याही पलीकडे छत्तीसगडात पसरलेला आहे. आपला कापूस बाहेर जातो आणि तिकडचा तांदूळ आपल्या घरात येतो, असा हा व्यवहार आहे.

आता एका गोष्टीचा विचार करा. धान पिकते हजारो गावांत, पण धानाची पेठ म्हणून नाव झाले गोंदिया, तुमसर अशा मोजक्या गावांचे. कापूस पिकतो शेकडो गावांत, पण कापसाची पेठ म्हणून इतिहासात नाव राहिले अमरावती, कारंजा, खामगाव आणि हिंगणघाटचे. पिकवतो एक आणि पेठ वसते दुसरीकडे, असे का होते? आणि पेठ वसली म्हणजे तिच्यातला पैसा कोणाच्या हातात राहतो? हा प्रश्न पुस्तकी नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीला बंडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये माल भरताना तो आपल्यापुढे उभाच असतो. म्हणून आज थोडे लांबून, थेट चीनपासून सुरुवात करू आणि मग आपल्या विदर्भात येऊ.

चीनच्या चार तांदूळपेठा

चीनमध्ये यांगत्से नावाची नदी आहे. तिची लांबी सुमारे ६,३०० किलोमीटर. या नदीच्या खोऱ्यात भातशेती फार जुनी आहे. इथले हूनान आणि हूपेइ हे प्रांत पिकले की सारा देश जेवतो, अशा अर्थाची म्हण त्या लोकांत आहे. याच खोऱ्यातल्या चार शहरांना चीनमध्ये तांदळाच्या चार मोठ्या पेठा म्हणून ओळखत आले. वूशी, वूहू, ज्युज्यांग आणि चांगशा ही ती चार नावे.

ही शहरे नकाशावर पाहिली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. चारही पाण्याच्या वाटेवर आहेत. वूहू आणि ज्युज्यांग यांगत्सेच्या काठावर, चांगशा तिला येऊन मिळणाऱ्या श्यांग नदीवर, तर वूशी मोठ्या कालव्यावर. हा मोठा कालवा म्हणजे बीजिंगपासून हांगचौपर्यंतचा सुमारे १,८०० किलोमीटरचा जलमार्ग. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सुई घराण्याच्या काळात त्याचे तुकडे जोडले गेले. पुढे कित्येक शतके दक्षिणेचा तांदूळ सरकारी धारा म्हणून याच वाटेने नावा भरभरून उत्तरेकडे राजधानीला जाई. सैन्य, अधिकारी आणि दरबार यांचे पोट त्यावर चाले. धाऱ्याच्या तांदळाबरोबर व्यापाराचा तांदूळही जमू लागला आणि वूशीसारख्या गावाची पेठ झाली.

वूहूची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८७६ च्या करारानंतर हे बंदर परदेशी व्यापाराला उघडले. त्याआधी नदीच्या खालच्या अंगाला चन्च्यांग नावाच्या शहरात तांदळाचा मोठा व्यापार चाले. पण ली हुंगचांग नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने तो व्यापार वूहूला हलवण्यात आला. हा अधिकारी वूहू ज्या प्रांतात आहे त्याच प्रांतातला. तांदूळ तोच होता, पिकवणारे कुणबीही तेच होते. केवळ वरून सूत्रे हलली म्हणून एक पेठ ओसरली आणि दुसरी फुलली. पेठ कुठे वसावी हे पिकवणारा ठरवत नाही, वाट आणि सत्ता ज्याच्या हाती असते तो ठरवतो. चीनचा हा पहिला धडा आपल्याकडेही जसाच्या तसा लागू पडतो.

रूळ आले, गोंदिया वाढले

आपल्या धानपट्ट्यात पाण्याची सोय फार जुनी आहे. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधणाऱ्याला मान होता. कोहळी समाजाच्या लोकांनी या कामात नाव काढले. नवेगावबांधचा तलाव हे त्यांच्या कसबाचे मोठे उदाहरण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आणि बोड्या आहेत. त्यांनाच आपण मालगुजारी तलाव म्हणतो. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने, पण तलावांना नाव राहिले ते तेच. त्या पाण्यावर रोवणा होत आला आणि धान पिकत आले.

म्हणजे धान होते, पाणी होते आणि राबणारे हातही होते. तरी मोठी धानपेठ उभी राहिली नव्हती. कारण माल बाहेर नेणार कसा? त्या काळी दूरची वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. बैलाच्या पाठीवर गोणी टाकून बंजारा धान्य आणि मीठ या मुलखातून त्या मुलखात नेई. एका बैलावर सुमारे एक क्विंटल माल जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत ही वाट बंदच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बंजारा बांधवांची वस्ती मोठी आहे, त्यांच्या घरच्या जुन्या माणसांना या वाटांच्या गोष्टी ऐकून ठाऊक असतील.

हे चित्र रेल्वेने पालटले. नागपूरहून पूर्वेकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकण्यात आली आणि १८८२ मध्ये ती राजनांदगावपर्यंत पोहोचली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि पुढे बंगालच्या बाजूला जोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून एक अरुंद मार्ग सातपुड्यातून जबलपूरकडे गेला आणि १९०८ ते १९१३ च्या दरम्यान दुसरा नागभीडवरून चांद्याकडे आला. चारी दिशांचे रूळ जिथे एकत्र आले तिथे गोंदिया वाढले. धानाच्या गिरण्या तिथेच लागल्या, आडत्यांची दुकाने तिथेच उघडली. चीनमध्ये जे काम नदीने आणि कालव्याने केले ते इथे रुळांनी केले.

कापसाचेही तसेच झाले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावच्या कापसासाठी जलंब ते खामगाव असा खास फाटा १८७० मध्ये काढण्यात आला. त्याच्या थोडे आधी, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला कधी नव्हे इतका भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. सातासमुद्रापलीकडच्या लढाईने वऱ्हाडच्या वावरातला भाव ठरावा, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी तेव्हाच पाहिले होते.

तुम्ही म्हणाल, मुकुटबनलाही रेल्वे स्टेशन आहे, मग आपली पेठ का नाही झाली? प्रश्न बरोबर आहे. नुसती वाट दाराशी आली म्हणजे पेठ आली असे होत नाही. वाटेबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात. एक कोठार, दुसरे माप आणि तिसरी पत. या तिन्ही जिथे जमतात तिथे माल थांबतो. जिथे नसतात तिथून तो नुसताच निघून जातो.

कोठार कोणाचे, भाव त्याचा

कोठाराचे महत्त्व चिनी लोकांनी फार लवकर ओळखले. इसवी सनापूर्वी ५४ मध्ये, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, हान घराण्याच्या राज्यात कंग शौछांग नावाच्या अधिकाऱ्याने एक योजना घालून दिली. सुगीत भाव पडला की सरकारने धान्य घ्यावे आणि कोठारात ठेवावे. टंचाईत भाव चढला की तेच धान्य बाहेर काढून विकावे. यामुळे पिकवणारा बुडत नाही आणि खाणाराही मरत नाही. अशा कोठाराला त्यांनी भाव सम राखणारे कोठार असे नाव दिले. पुढे १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी, हेन्री वॉलेस यांनी, हीच कल्पना उचलली आणि १९३८ च्या तिथल्या शेती कायद्यात ती आली. आपल्याकडची हमीभावाची खरेदी आणि सरकारी साठा हा याच विचाराचा भाऊबंद आहे.

कोठार रिकामे झाले म्हणजे काय होते, तेही चीननेच दाखवले. चांगशा ही चार पेठांपैकी एक. १९०९ मध्ये त्या भागात पूर आले, पीक बुडाले. तरी तांदूळ बाहेर जातच राहिला आणि साठेबाजांनी उरलेला दाबून ठेवला. एप्रिल १९१० मध्ये भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. भुकेलेला जमाव रस्त्यावर आला, तांदळाची दुकाने लुटली गेली आणि प्रांताच्या सुभेदाराची कचेरी जाळण्यात आली. देशातल्या नावाजलेल्या तांदूळपेठेत माणसे तांदळावाचून तडफडली. पेठ मोठी असणे आणि पोट भरलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात घ्यावे.

आपल्या वऱ्हाडातही जुन्या काळी घरोघरी ज्वारीची पेवे असत. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून लिंपून, कडबा लावून त्यात ज्वारी भरत. एक साल बुडाले तरी पेव उघडून घर तगत असे. कणगी आणि ढोलीत बियाणे राखण्याचे काम घरातल्या बायकांचे होते, आणि कोणते कणीस बियाला ठेवायचे हा निवाडाही त्यांचाच. पुढे नगदी पीक वाढले, पेवे बुजली. कापूस घरात फार दिवस ठेवणे जोखमीचे, जागा अडते आणि आगीची धास्ती असते. म्हणून वेचणी झाली की विकणे आले. सगळ्यांचा माल एकाच महिन्यात बाजारात येतो आणि भाव बसतो. त्या भावाला घेऊन ज्याने कोठारात ठेवला तो चार महिन्यांनी कमावतो. कष्ट तुमचे असतात, पण थांबण्याचे बळ त्याच्याकडे असते.

वूशीच्या पेठेत यावर एक तोड होती. तिथे मोठमोठ्या वखारी होत्या. तांदूळ वखारीत ठेवायचा, वखारवाला पावती देई, आणि ती पावती ठेवून पेढीवाले कर्ज देत. म्हणजे माल न विकता पैसा हाती येई. तिथे याचा फायदा मुख्यतः व्यापाऱ्यांनीच घेतला, पण युक्ती शेतकऱ्यालाही तितकीच उपयोगी आहे.

ती आपल्याकडेही आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तूर, सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, धान, ज्वारी, गहू, मका असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, सहा महिन्यांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजाने.

हिशेब करून पाहू. समजा, तुमच्याकडे १० क्विंटल तूर आहे आणि त्या दिवशी भाव ७,००० रुपये आहे. मालाची किंमत ७०,००० रुपये. ७५ टक्क्यांनी कर्ज ५२,५०० रुपये. सहा महिन्यांचे व्याज १,५७५ रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे १५८ रुपये. त्यात हमाली, वाहतूक आणि साठवणीचा जो काही खर्च येईल तो मिळवा. भाव यापेक्षा जास्त चढला तर थांबल्याचा लाभ झाला. हे मात्र पक्के ध्यानात ठेवा की भाव दरवेळी चढतोच असे नाही, कधी पडतोही. म्हणून सगळा माल ठेवू नये आणि सगळा एकदम विकूही नये. निम्मा विकून देणी भागवावी, निम्मा ठेवावा, ही वाट बऱ्याच घरांना झेपते. योजना आपल्या बाजार समितीत चालू आहे का, हे सुगीच्या आधीच विचारून ठेवा.

माप कोणाच्या हातात?

चीनमध्ये तांदूळ मोजण्यासाठी लाकडी मापे असत. नावे तीच, पण एका शहराचे माप दुसऱ्या शहराशी जुळत नसे. त्यामुळे माप भरणाऱ्याच्या हाताला फार किंमत होती. माप शीग लावून भरायचे की सपाट, एवढ्या फरकात गरिबाच्या घरचे कित्येक दिवसांचे जेवण इकडचे तिकडे होई.

आपल्याकडे निराळे होते काय? शेर, पायली, कुडव, मण, खंडी ही नावे सगळीकडे होती, पण इथली खंडी आणि तिथली खंडी एक नव्हती. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-क्विंटल सुरू झाले. त्याआधी शेतकऱ्याला आपण किती विकले हेच पुरते कळत नसे. भाव ठरवण्याची रीतही अजब होती. आडत्या आणि घेणारा रुमालाखाली हात घालून बोटे दाबत. त्याला हत्ता म्हणत. मालाचा धनी बाजूला उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याच्या डोळ्यांआड ठरे. मग कडता, नमुना, धर्मादाय अशा नावांनी कपात होई ती वेगळीच.

यावर देशातला पहिला नियम झाला तो आपल्या वऱ्हाडात. आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथे १८८६ मध्ये कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला. तेव्हा वऱ्हाडचा कारभार हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट पाहत असे. त्याच्या हुकमाने हे झाले. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंजाचे नाव घेतले जाते. पुढे १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, वजने तपासली जाऊ लागली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने आले.

पण हा नियम शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाला असे समजू नका. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता, म्हणून बाजाराला शिस्त लावली गेली. १८९७ च्या कायद्याखालच्या बाजार समितीत व्यापाऱ्यांचाच भरणा होता, कास्तकाराला जागा नव्हती. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने सगळीकडे नियंत्रित बाजार करावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा आहे. त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी संख्येने अधिक ठेवले गेले. म्हणजे १८८६ मध्ये घेणाऱ्याच्या सोयीसाठी घातलेली चौकट आपल्या हाती यायला पाऊणशे वर्षे लागली. आता ती हातात आहे तर वापरणे आपले काम आहे. बाजार समितीची निवडणूक म्हणजे केवळ गटातटाची कुस्ती मानली, तर काटा पुन्हा दुसऱ्याच्या हातात जातो.

गावात येऊन वावरातूनच माल उचलणारा व्यापारी सोयीचा वाटतो. भाडे वाचते, नगदी पैसा मिळतो. पण त्याचा काटा कोणी तपासला? तो ओलाव्याचा हिशेब कसा करतो? निदान दोन-चार पोती आधी गावातल्या दुसऱ्या काट्यावर तोलून मग सौदा करा. बाजारात गेलात तर काटापट्टी आणि हिशेबपट्टी घेतल्याशिवाय परतू नका. चुकारा कोणत्या दिवशी मिळणार हे पट्टीवर लिहून घ्या.

नावाची किंमत आणि पत

चौथी गोष्ट पत. पत म्हणजे नुसते कर्ज नव्हे. मालाच्या नावावर घेणाऱ्याचा विश्वास बसणे हीही पतच. अमरावतीच्या नावावरून विलायतेच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. हिंगणघाटचा कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. नावाने भाव चढतो. पण ते नाव कोणाच्या उपयोगी पडते?

इथे आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण काढली पाहिजे. नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीडएक एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना दोन-तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करत बारीक दाण्याचे, चांगल्या चवीचे वाण सिद्ध केले. गावागावांत ते पसरले. बाजारात गेले तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. आज आपण पंगतीसाठी आवर्जून जो एचएमटी तांदूळ मागतो, त्याचे मूळ या दीड एकरात आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे या वाणावरून पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार दादाजींना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. पण एचएमटी नावावर झालेल्या व्यापारात त्यांचा वाटा नव्हता. आर्थिक ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. पेठेत नाव राहिले घड्याळाचे, आणि ज्याने दाणा घडवला त्याचे नाव बाजारातल्या पोत्यावर कुठेच नाही.

असे पुन्हा होऊ नये यासाठी एक कायदा आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणी स्वतःच्या नावाने करता येते. आपल्या भागात कोलाम आणि गोंड बांधवांच्या घरी ज्वारीची, तुरीची जुनी बियाणी अजून असतील. ती जपणाऱ्या मायबहिणींनी हे लक्षात ठेवावे, आणि कृषी सहायकाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने त्यांना नोंदणीच्या कामात हात द्यावा.

आपण काय करावे?

वाट, कोठार, माप आणि पत या चार गोष्टींनी पेठ बनते, हे आपण पाहिले. एका शेतकऱ्याच्या हातात या चारही येणार नाहीत. पण एकही हातात नसेल तर तो केवळ माल आणून टाकणारा हमाल ठरतो. म्हणून या हंगामापुरत्या चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, माल वाळवून न्या. कापसात ८ टक्के ओलावा धरून हमीभाव असतो. १२ टक्क्यांपर्यंत घेतात, पण कपात करून, आणि त्यावर असेल तर परत पाठवतात. धानाला १७ टक्क्यांची मर्यादा आहे. सकाळी दव असताना वेचलेला कापूस तसाच भरू नका, दोन उन्हे द्या. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस आणि शेवटची कवडी एकत्र करू नका.

दुसरी, हमीभाव पाठ करून बाजारात जा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये, तुरीला ८,०००, सोयाबीनला ५,३२८ आणि साधारण धानाला २,३६९ रुपये क्विंटल असा भाव जाहीर केला. पुढच्या हंगामाचा आकडा जाहीर होताच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी खरेदीसाठी नोंदणी लागते. पेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर वेळेत करून घेतली नाही तर ऐन वेळी रांगेतून परतावे लागते.

तिसरी, मालाचे पुढे काय होते याचा हिशेब समजून घ्या. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानापासून ६७ किलो तांदूळ धरतात, शिवाय कोंडा आणि तूस निघते. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई आणि सरकीचा भाव रोज कळतो. तो कळला म्हणजे तुमच्या कापसाला मिळालेला भाव रास्त आहे की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हा हिशेब घालून द्या. ती चटकन करतील.

चौथी, एकट्याने जाऊ नका. एका बंडीच्या मालाला आडत्या ढुंकून पाहत नाही, दहा शेतकऱ्यांचा एका प्रतीचा माल एकत्र आला तर तो स्वतः उठून येतो. गावातल्या दहा घरांनी एकाच वाणाचा कापूस लावला, वेगळा ठेवला आणि एकाच दिवशी वणीला किंवा पांढरकवड्याला नेला, तर ट्रकचे भाडेही वाटले जाते आणि बोलायलाही बळ येते. महिला बचत गटांनी डाळीच्या बाबतीत हे करून पाहावे. तूर विकून डाळ विकत आणण्यापेक्षा निदान घरापुरती आणि शेजारापुरती डाळ आपणच भरडावी.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा. आपल्या गावात तपासलेला काटा आहे का, आणि सुकवलेला माल महिनाभर ठेवता येईल अशी कोरडी जागा आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात या दोन गोष्टी लिहून घ्या. हात वर करून ठराव नोंदवला जाईपर्यंत सभेतून उठू नका.